दिल्लीची हवा आणि लोकांचे कुतूहल

एखाद्या समाजाला कोणत्या गोष्टींची काळजी वाटते, हे जाणून घेण्याचे आजवर दोनच मार्ग होते. लोकांना प्रत्यक्ष जाऊन विचारावे, हा पहिला. आणि लोक काय करतात ते दुरून पाहावे, हा दुसरा. पहिल्या मार्गाची परंपरा आपल्या देशात चांगली रुजलेली आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि पाहणी करणारे कर्मचारी खेडोपाडी जाऊन कुटुंबांच्या खर्चाचा हिशेब टिपू लागले. १९६३ साली रजनी कोठारी यांनी दिल्लीत विकासशील समाज अध्ययन केंद्र स्थापन केले, आणि १९६७च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून त्या केंद्राने मतदारांच्या मनाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. या सर्व पाहण्यांची रीत एकच: प्रश्न संशोधक विचारतो, उत्तर नागरिक देतो.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिसरा मार्ग उघडला. या मार्गावर प्रश्न नागरिकच विचारतो आणि संशोधक तो बाजूला उभा राहून ऐकतो. इंटरनेटवरील शोधयंत्रापुढे बसलेला माणूस कोणाच्या दडपणाखाली नसतो. आपले उत्तर सुशिक्षितासारखे दिसावे, समोरच्याला बरे वाटावे, ही चिंता त्याला नसते. त्याला जे हवे असते ते तो लिहितो. असे कोट्यवधी प्रश्न एकत्र करून, कोणत्या शब्दाची विचारणा कोठे व केव्हा वाढली किंवा घटली, हे दाखविणारे ‘गूगल ट्रेंड्स’ हे साधन २००६ साली सर्वांसाठी खुले झाले. त्यात २००४ सालापासूनची आकडेवारी पाहावयास मिळते. निसर्गाची साधने पुढील पिढ्यांसाठी राखून विकास साधावा, या विचाराला शाश्वत विकास असे नाव आहे. त्या विचाराविषयी जनतेच्या मनात किती आस्था आहे, हे या साधनाने मोजता येईल काय, असा या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून तो हवेवरच तपासून पाहणे योग्य होईल. दिल्ली आणि तिच्या भोवतालचे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र ही या तपासणीसाठी सर्वांत सोयीची जागा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० साली, राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने, ‘सफर’ नावाची हवेच्या गुणवत्तेचे मापन व पूर्वानुमान करणारी यंत्रणा दिल्लीत उभी केली. ६ एप्रिल २०१५ रोजी राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. शून्य ते पाचशे या मोजपट्टीवर ‘चांगली’पासून ‘गंभीर’पर्यंत हवेच्या सहा श्रेणी ठरल्या. म्हणजे येथे हवेचे मापन तासातासाला होते आणि लोकांच्या कुतूहलाचेही होते. दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची अशी संधी इतरत्र क्वचितच मिळेल.

आलेख ठेवण्यापूर्वी मोजपट्टीची ओळख करून घेणे आवश्यक आहे. गूगल ट्रेंड्स शोधांची संख्या सांगत नाही. ते वाटा सांगते. एखाद्या प्रदेशात, एखाद्या कालखंडात झालेल्या एकूण शोधांपैकी विशिष्ट शब्दाचा वाटा किती, हे नमुन्यावरून काढले जाते. मग निवडलेल्या काळात तो वाटा जेथे सर्वाधिक असेल त्या बिंदूला शंभर मानून बाकीचे बिंदू त्याच्या प्रमाणात मांडले जातात. ज्या शब्दाची विचारणा फार थोडी असते तेथे शून्य दिसते; परंतु त्या शून्याचा अर्थ कोणीच विचारले नाही, असा होत नाही.

हा भेद किरकोळ वाटेल. पण सगळी गोम त्यातच आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या नगरात पहिल्या वर्षी एक लाख शोध झाले आणि त्यांपैकी शंभर पर्यावरणाविषयी होते. दहा वर्षांनी शोध एक कोटी झाले आणि त्यांपैकी पाच हजार पर्यावरणाविषयी होते. पर्यावरणाविषयी विचारणारे हात पन्नास पटींनी वाढले. परंतु त्यांचा वाटा दर हजारी एकावरून अर्ध्यावर आला. आलेखाची रेषा खाली उतरलेली दिसेल आणि उतावळा वाचक म्हणेल, की लोकांना पर्यावरणाचे काही वाटेनासे झाले.

असा वाद विद्वानांमध्ये प्रत्यक्षात झालेला आहे. २०१३ साली मॅकॅलम आणि बरी या दोन संशोधकांनी शोधांच्या आलेखांवरून पर्यावरणाविषयीची लोकांची आस्था घटत असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, फिचेतोला या संशोधकाने त्याला आक्षेप घेतला. वाटा घटला म्हणजे रस घटला असे नव्हे, शोधांचे एकूण विश्वच या काळात बदलत गेलेले आहे, असा त्याचा आशय होता. आरंभीच्या वर्षांत इंटरनेट मुख्यतः विद्यापीठे, प्रयोगशाळा व कार्यालये यांच्या हाती होते. नंतर त्यावर चित्रपटगीते, क्रिकेटचे धावफलक आणि रेल्वेची आरक्षणे आली. बाजार मोठा झाला म्हणजे त्यातील पुस्तकांच्या दुकानाचा वाटा कमी होतो. पण दुकानातील गिऱ्हाईक कमी झालेच असे नाही.

आता दिल्लीकडे वळू. तेथील आलेखाचे पहिले वैशिष्ट्य नजरेत भरण्याजोगे आहे. प्रदूषण, हवेचा निर्देशांक, हवा शुद्ध करणारे यंत्र या शब्दांची विचारणा ऑक्टोबरच्या अखेरीस चढू लागते, नोव्हेंबरात शिखर गाठते आणि नंतर झपाट्याने ओसरते. यामागे निसर्ग आणि मनुष्य या दोघांचाही हात आहे. पावसाळा सरल्यावर वारा मंदावतो. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. त्याच सुमारास पंजाब व हरियाणात भाताची कापणी होऊन शेतातील खुंट जाळले जातात आणि दिवाळीच्या फटाक्यांची त्यात भर पडते. यातही एक विचित्र योग आहे. भूजलाचा उपसा रोखण्यासाठी २००९ साली पंजाबने कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी घातली. हरियाणानेही तसाच कायदा केला. लावणी लांबली, म्हणून कापणी लांबली, आणि खुंट जाळण्याची वेळ नेमकी वारा पडण्याच्या दिवसांवर येऊन ठेपली. पाणी वाचविण्याच्या प्रयत्नाचा भार अशा रीतीने हवेवर पडला. शाश्वततेचा प्रश्न एका खात्याचा का नसतो, हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

परंतु कुतूहलाचा आलेख ओसरतो तेव्हा हवा सुधारलेली असते काय? शेतातील आगी नोव्हेंबरअखेर विझतात, तरी डिसेंबर व जानेवारीत दिल्लीची हवा अनेक दिवस ‘अत्यंत वाईट’ आणि ‘गंभीर’ याच श्रेणींत असते. वाहने, कारखाने, रस्त्यांवरील धूळ, कचऱ्याच्या आगी आणि थंडीत पेटविलेल्या शेकोट्या यांना हंगाम संपल्याची वर्दी कोणी दिलेली नसते. म्हणजे दोन्ही आलेख बरोबर चढतात, पण बरोबर उतरत नाहीत. लोकांचे कुतूहल प्रदूषणाचे मापन करीत नाही. ते प्रदूषणाच्या नवेपणाचे मापन करते. ज्या दिवशी धुरक्याचा पडदा प्रथम उतरतो त्या दिवशी माणूस विचारतो. चाळिसाव्या दिवशी तो खोकतो, पण विचारत नाही.

अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली, पर्यावरणाचेच उदाहरण घेऊन, लोकांच्या लक्षाचे एक चक्र वर्णिले होते. प्रश्न आधी दुर्लक्षित असतो. मग एखाद्या घटनेने तो एकाएकी डोळ्यांपुढे येतो आणि तो सोडविण्याचा उत्साह संचारतो. मग उपायांची खरी किंमत कळते. मग लक्ष हळूहळू विरते. आणि अखेर प्रश्न न सुटताच मागे पडतो. डाउन्सच्या मनात वर्षानुवर्षे चालणारे चक्र होते. दिल्लीत ते दर हिवाळ्यात एकदा पूर्ण फिरते.

शोधांच्या आलेखावरून वर्षावर्षांची तुलना करणे किती अवघड आहे, हे २०१६च्या शरद ऋतूवरून दिसते. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला दिवाळी झाली आणि पुढील आठवड्यात राजधानी क्षेत्र अभूतपूर्व धुरक्याखाली गेले. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, बांधकामे थांबविण्यात आली. त्या वर्षीचा आलेख पूर्वीच्या वर्षांच्या आलेखाशी ताडून पाहू लागताच अडचणी उभ्या राहतात. जानेवारी २०१६पासून गूगलने आपल्या आकडेवारीच्या संकलनाची पद्धत सुधारली होती. तशी नोंद आलेखावरच आढळते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त इंटरनेटमुळे शोध घेणाऱ्यांचा समुदायच बदलू लागला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे मार्च २०१६मध्ये देशात सुमारे ३४ कोटी इंटरनेट जोडण्या होत्या, त्या मार्च २०२०मध्ये सुमारे ७४ कोटी झाल्या. आणि धुरके पुरते निवळण्यापूर्वीच, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. ज्या मोजपट्टीवर वाटा मोजला जातो, तिच्यावर एका विषयाचा पूर आला म्हणजे दुसरा विषय आपोआप आखडतो. मोजपट्टी बदलली, मोजले जाणारे लोक बदलले आणि देशाचे लक्षही दुसरीकडे वेधले गेले. हे सारे एका वर्षात घडले. अशा वर्षाची रेषा वाचताना सावधपणा बाळगलाच पाहिजे.

दुसरी अडचण शब्दांची आहे. दिल्लीत वाहनांच्या धुराच्या तपासणीच्या दाखल्यालाच बोलीभाषेत ‘पोल्यूशन’ म्हणतात. १ सप्टेंबर २०१९पासून मोटार वाहन कायद्यातील नवे दंड लागू झाले, दाखला नसल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली, आणि तपासणी केंद्रांपुढे रांगा लागल्या. त्या दिवसांत ‘पोल्यूशन’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात हवा होती की दंड, हे शब्द सांगत नाही. मास्कचेही तसेच. २०२०पूर्वी दिल्लीत या शब्दाची विचारणा बहुधा हवेशी जोडलेली असे. करोनाच्या साथीनंतर तो अर्थ राहिला नाही. ‘सम-विषम’ या शब्दाचा शोध घेणारा नागरिक बहुधा आपली मोटार उद्या रस्त्यावर आणता येईल किंवा नाही, एवढेच पाहत होता. शिवाय लोक एकाच गोष्टीचा शोध देवनागरीत ‘प्रदूषण’ असा, रोमन लिपीत त्याच उच्चाराने, आणि इंग्रजी शब्दानेही घेतात. तिन्ही ओहोळ एकत्र केल्यावाचून प्रवाह किती मोठा आहे ते कळत नाही.

‘शाश्वत विकास’ या शब्दाची गत तर याहून वेगळी आहे. १९८७च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालानंतर तो जगभर रूढ झाला आणि आपल्याकडे तो मुख्यतः पाठ्यपुस्तकांच्या वाटेने आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले होते. त्यामुळे आज या शब्दाचा शोध घेणाऱ्यांत गृहपाठ करणारे विद्यार्थी आणि स्पर्धापरीक्षांचे उमेदवार यांचा भरणा मोठा असणे स्वाभाविक आहे. हे कुतूहल कमी प्रतीचे आहे असे नाही. पण ते परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे चढते-उतरते. जो शेतकरी ठिबक सिंचनाचे अनुदान शोधतो, किंवा जी गृहिणी ओल्या कचऱ्याचे खत कसे करावे हे विचारते, ती शाश्वततेचेच काम करीत असतात. मात्र तो शब्द त्यांच्या प्रश्नात नसतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, कारण ती न्यायाची आहे. शोधयंत्रापर्यंत जे पोहोचत नाहीत, त्यांचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्के आणि पुरुषांपैकी ५७ टक्के यांनीच कधी तरी इंटरनेट वापरल्याचे आढळले. दिल्लीतील प्रमाण यापेक्षा बरेच जास्त आहे. परंतु दिल्लीची हवा सर्वांत अधिक कोण घेते, हा प्रश्न राहतोच. चौकात उभा असणारा वाहतूक पोलीस, सायकल-रिक्षा ओढणारा, गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर वेचणी करणारी स्त्री, आणि बांधकामावरचा मजूर यांचा दिवस उघड्यावर जातो. हवा ‘गंभीर’ झाली की श्रेणीबद्ध कृती आराखड्यानुसार बांधकामे थांबतात, आणि मजुराचा धूर कमी होण्याआधी त्याची मजुरी बंद होते. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी बांधकामांवर पुन्हा बंदी घालताना सर्वोच्च न्यायालयाने, कामगार उपकरातून जमा झालेल्या निधीतून या मजुरांना निर्वाहभत्ता द्यावा, असे राज्यांना सांगितले. त्या मजुरापुढे हवा शुद्ध करणारे यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न नव्हता. उद्याची चूल कशी पेटेल हा होता. असा प्रश्न पर्यावरणाच्या आलेखात मोजला जात नाही, तरी तो पर्यावरणाचाच प्रश्न आहे.

चौथी अडचण भूगोलाची. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र १९८५च्या कायद्याने आखले गेले आणि त्यात दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांतील जिल्हे येतात. हवा या सर्वांवरून एकसारखी वाहते. शोधांचा आलेख मात्र राज्यांच्या सीमा पाळतो. गुरुग्राम हरियाणाच्या खात्यावर जाते, नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशाच्या. त्या विशाल राज्याच्या सरासरीत राजधानीलगतच्या दोन शहरांची खोकल्याची उबळ सहज बुडून जाते. २०२१च्या कायद्याने या क्षेत्रासाठी व लगतच्या प्रदेशांसाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापन झाला, तो हवेला राज्यांची कुंपणे नसतात हे ओळखूनच. लोकमत मोजणाऱ्यांनीही हे ओळखणे जरूर आहे.

शोधांच्या आकडेवारीवर अतिविश्वास टाकल्याने काय होते, याचा धडा अन्यत्र मिळालेला आहे. २००८ साली गूगलने ‘फ्लू ट्रेंड्स’ हा उपक्रम सुरू केला. लोक ज्वराविषयी काय शोधतात यावरून साथीचा अंदाज सरकारी आकडे येण्याआधीच बांधावयाचा, असा त्याचा हेतू होता. आरंभी त्याचे फार कौतुक झाले. परंतु २००९च्या साथीची पहिली लाट त्याच्या हातून निसटली, आणि २०१२-१३च्या हिवाळ्यात त्याने प्रत्यक्षाच्या सुमारे दुप्पट रुग्ण दाखविले. २०१५ साली त्याचे प्रकाशन बंद झाले. वर्तमानपत्रांत साथीची बातमी झळकली की निरोगी माणसेही ज्वराची लक्षणे शोधू लागतात. भीतीला ज्वर समजणारा तापमापक कितीही जलद असला तरी वैद्याच्या कामाचा नसतो.

तर मग हे साधन टाकून द्यावे काय? तसे म्हणणे अविचाराचे होईल. पाहणीला महिने लागतात आणि पैसा लागतो. हा आलेख तत्काळ आणि विनामूल्य मिळतो. लोक केव्हा जागे होतात, हे तो चांगले सांगतो. उपयोग करताना मात्र काही नियम पाळावे लागतील. एकाच शब्दावर विसंबू नये. तिन्ही लिपी-भाषांतील रूपे व त्यांचे बोलीतील अर्थ तपासावेत. त्या आठवड्यातील बातम्यांशी आलेख ताडून पाहावा. प्रत्यक्ष हवेच्या मापनाशी आणि घरोघरच्या पाहणीशी त्याचा मेळ घालावा. आणि रेषा उतरली म्हणजे रस आटला असे एकदम मानू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’सारख्या मोबाइलवरील साधनावर जो रोज निर्देशांक पाहतो, त्याला शोधयंत्रात तो विचारण्याचे कारण उरत नाही. ज्याला ठाऊक आहे तो विचारत नाही.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे प्रश्नांची जात पाहावी. माझ्या खोलीची हवा शुद्ध कशी होईल, हा एक प्रश्न; माझ्या भागातून बस कोणती जाते, कचरा जळत असेल तर तक्रार कोठे करावी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळते आणि दार बंद केल्यावर तो सुटल्यासारखा वाटतो. दुसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी शेजाऱ्याची आणि शासनाची गाठ घ्यावी लागते. पहिल्या जातीचे प्रश्न वाढत असतील तर समाज भ्यालेला आहे एवढेच समजावे; दुसऱ्या जातीचे वाढू लागले तर तो शहाणा होत आहे असे म्हणता येईल. दुसरी गोष्ट म्हणजे शिखराऐवजी तळ मोजावा. नोव्हेंबरात किती जण विचारतात याला फारसे महत्त्व नाही. जुलैमध्ये, पावसाने आकाश धुतलेले असताना, किती जण विचारतात आणि तो आकडा वर्षागणिक वाढतो काय, हे पाहावे. शाश्वततेविषयीची आस्था मोजावयाची तर त्या आस्थेचीच शाश्वतता मोजली पाहिजे.

या संदर्भात एका तारखेचे स्मरण उद्बोधक ठरेल. दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालवाव्यात, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ जुलै १९९८चा आहे. गूगल कंपनीची नोंदणी झाली ती त्यानंतर, सप्टेंबर १९९८मध्ये. त्या आदेशामागे १९८५ साली दाखल झालेली मेहता यांची याचिका होती. अनिल अगरवाल यांच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने केलेले सततचे लेखन होते. आणि मुदती टळत असतानाही पाठपुरावा करणारी समिती होती. २००२च्या अखेरीस शहरातील डिझेल बसगाड्या हटल्या. दिल्लीच्या हवेसाठी उचललेल्या सर्वांत परिणामकारक पावलांपैकी हे एक. आणि त्याच्या मागची आस्था मोजण्यासाठी कोणताही आलेख अस्तित्वात नव्हता.

२०१९ साली भारतात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. हे मृत्यू केवळ दिल्लीतील नाहीत आणि केवळ नोव्हेंबरातील नाहीत. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या हवेची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, ही घटना महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेल. लोकांचे कुतूहल हा अशा प्रश्नांतील एक मौल्यवान संकेत आहे, पण त्यालाच निर्णयाचा आधार करणाऱ्या शासनाची जाग वर्षातून दोन महिनेच टिकेल. आकडे पाहून जागे होणे सोपे आहे. ते शून्यावर आले असतानाही काम चालू ठेवणे हे संस्थांचे, कायद्याचे आणि जाणत्या नागरिकांचे कर्तव्य आहे.